नत्थूजींची हरकत

आमचे शेजारी नत्थूजी यांनी सख्ख्या भाचीच्या लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, हात वर करून सांगितलं, "माही हरकत हाये." भटजी मंगलाष्टकात अडखळले. नवरदेवाचा चेहरा पडला. हरकत एवढीच, की गॅसबत्ती नेमकी भटजींच्या डोक्यावर टांगली होती. ती हलवली, लग्न लागलं. वरपक्ष मात्र पंगत उठेपर्यंत नत्थूजींकडे धास्तीनेच बघत होता.

जामसांवलीचा मारुती आडवा झोपलेला, म्हणून तिथे ते घंटा वाजवणाऱ्यांना अडवायचे. "देव झोपून राह्यला अन् तुमी काहून बडवून राह्यले?" संत्र्यांचा भाव, आमच्या शाळेची प्रार्थना, माझी मिशी, कशावरही त्यांची हरकत असे. शिवाय जिवाला चैन म्हणून नाही. ओट्यावर टेकले की उठायचे, कुठेतरी निघून जायचे, परत यायचे. मी मास्तर माणूस, वह्या तपासायला बसलो की यांच्या येरझारा खिडकीशी सुरू. वाटायचं, यांना एकदा खाटेला बांधून ठेवावं.

सगळ्यांत मोठी हरकत होती गावाबाहेरच्या मँगनीजच्या खाणीवर. खाणीचा पंप आमच्या विहिरींचं पाणी ओढत होता, काळी धूळ कपाशीवर बसत होती. त्यात खाणीची मुदत संपत आलेली. मुदत वाढली की खाण नाल्याच्या काठापर्यंत सरकणार होती. त्याआधी पाणी, शेतं, धूळ यांची चौकशी करायला आणि गावाच्या हरकती ऐकायला सरकारी साहेब येणार, अशी दवंडी पिटली गेली. नत्थूजींच्या मनासारखं सरकारने पहिल्यांदाच काही केलं होतं.

"साहेबाले टेशनावरच गाठू," ते म्हणाले. "एकडाव खाणवाल्याइच्या घरी जेवला, मंग आपलं कोन आयकते?"

अर्धं गाव हार घेऊन सौंसरच्या स्टेशनावर. नागपूरची गाडी आली. तिच्यातून एक कापडवाला उतरला आणि त्याच्यामागून एक बकरी. कोणीतरी म्हणालं, पुढच्या गाडीने येतील. आम्ही उन्हात बसून राहिलो. तेवढ्यात कोतवाल धापा टाकत आला.

"साहेब जीपनं आले अन् गेले बी. खाण पाह्यली, चावडीत बसले. इचारलं, कोनाची हरकत हाये का? तं कोनीच नोतं."

त्याच वर्षी राज्यं नव्याने आखली गेली होती. नागपूर मुंबईकडे गेलं, आम्ही भोपाळकडे राहिलो. पेपरात वाचलं होतं, वर्गात नकाशा काढून शिकवलंही होतं. पण आमच्या हयातीत साहेब म्हणून जो आला तो नागपूरच्या गाडीने. हा आला उलट्या बाजूने, छिंदवाड्याहून.

लोक हसू लागले. नत्थूजी हसले नाहीत. "मास्तर, सायकल काढा," ते म्हणाले. साहेब जेवायला रामाकोन्याला थांबणार होते.

मी पेडल मारतोय आणि हे मागे बसून म्हणतायत, "मधातून काहून चालवून राह्यले? बाजूनं घ्या ना." चढ आला की उडी टाकून, धोतराचा सोगा हातात धरून माझ्यापुढे पळत.

डाकबंगल्यावर साहेब हात धूत होते. नत्थूजींनी पाणी, धूळ, कपाशी, सगळं एका दमात सांगितलं.

"पंप की बात मैं लिखूँगा," साहेब म्हणाले. "पर आपकी ज़मीन क्या नाले की तरफ़ है?"

"नाई. माही शेती मोहगावच्या रस्त्यानं हाये."

"तो नाले पर आपका क्या है?"

नत्थूजींनी हातातला सोगा सोडला.

"पोट्टी हाये, साहेब," ते म्हणाले. "दात बी नोते आले तिले. लहान लेकराले आमी जाळत नाई, मातीत ठेवतो. त्या काठालेच ठेवली. दगड नाई, खूण नाई. म्याच ठेवली."

साहेबांना शब्द सगळे कळले नसतील. त्यांनी टॉवेल खाली ठेवला. मग म्हणाले, "किनारा छोड़ देंगे."

आणि खरंच सोडला. पुढे खाणीला मुदत मिळाली, पंप चालूच राहिला, नत्थूजी हरले असं गाव म्हणालं. पण खाणीची हद्द नाल्याच्या बरीच अलीकडे थांबली.

त्या दिवशी परतताना ते सायकलवर बसलेच नाहीत. मीही हातात सायकल धरून चालत होतो. इतकी वर्षं आमची भिंतीला भिंत, आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"घरी तुमच्या काकूले सांगू नका," ते म्हणाले.

"का हो?"

"माती द्याले बायका येत नाई ना. तिले जागा मालूम नाई. अजून इचारते, कोठं ठेवली म्हून. मी म्हन्तो, इसरलो. सांगतलं तं रोज तिथं जाऊन बसन थे, रडन."

थोडं चालल्यावर, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "तिच्या वाटचं बी मीच जाऊन येतो."