बाबूअण्णांचा चाळीस फुटी रस्ता

बाबूअण्णा वेड्या बाभळींत शिरण्याआधी उजवीकडे बघत, डावीकडे बघत, आणि वाहन येत नाही अशी खात्री पटली की मगच पाऊल टाकत. वाहन येणार तरी कुठून? तिथे रस्ताच नव्हता.

मुलांनो, मोठा दुष्काळ सरल्यावर सोलापूरच्या बाहेर प्लॉट पडले आणि आम्ही तिथे घर बांधलं. खेड्यातून आलेले, मिलमधले, घरी तेलुगू बोलणारे विणकर, सगळे एकदमच राहायला आले. बाबूअण्णा माढ्याकडचे, आमचे शेजारी. एकटेच असत. प्लॉट घेताना नकाशात त्यांच्या उत्तरेला चाळीस फुटी रस्ता होता, म्हणून त्यांनी घराचं दार उत्तरेला केलं. पुढे नकाशा बदलला. तो रस्ता रद्द होऊन बाभळींनी भरलेली मोकळी जागा राहिली, आणि खरा डांबरी रस्ता आला दक्षिणेला, त्यांच्या मोरीशी.

मी सत्यनारायणाचं बोलावणं करायला गेले ती थेट मोरीसमोर. अर्ध्या भिंतीआड अण्णा साबण लावून उभे. तेच शांतपणे म्हणाले, "वैनी, ही मागची बाजू हाय. रस्त्याकडनं या की." मी रस्त्यावरच उभी होते. तरी मुकाट्याने बाभळींतून वळसा घालून गेले. पोस्टमनची, दूधवाल्याची हीच गत.

तुमच्या आजोबांनी सुचवलं, दक्षिणेला दार पाडून घ्या, गवंडी मी पाठवतो. अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. बाभळींच्या पलीकडचा, उत्तरेचा प्लॉट त्यांच्या धाकट्या भावाचा, भगवानचा होता. दोघांनी मुद्दाम समोरासमोर घेतले होते, दारासमोर दार येईल असे. भगवान दर दिवाळीला म्हणे, औंदा बांधतो. तोवर दार हलवायचं नाही, असं अण्णांचं ठरलेलं.

एका दिवाळीत भगवान आला तो प्लॉट विकल्याचे पेढे घेऊन. अण्णांनी पेढा खाल्ला.

प्लॉट घेतला हमीदभाईंनी. ते मालट्रक चालवत. त्या प्लॉटलाही रस्ता आला होता तो मागून, उत्तरेच्या बाजूने. पाया आखायच्या सकाळी अण्णा तिकडे गेले. भांडण होणार असं वाटून मी कपडे वाळत घालता घालता थांबले. पण अण्णा तर त्यांना विनवत होते, दार आमच्या बाजूला ठेवा म्हणून. हमीदभाई पुरते गोंधळले.

"रस्ता उधर हय ना, अण्णा. इधर दार लगाको क्या करूं?"

अण्णांनी वाकून पाया आखलेल्या फक्कीच्या रेघेवर, आपल्या दारासमोर, बोट ठेवलं.

"रस्ता ऱ्हाऊ द्या वो," ते म्हणाले. "दार उघडल्यावर समोर कुणीतरी दिसाय पायजे की."

हमीदभाईंनी गवंड्याला थांबवलं, सिमेंटच्या पोत्यावरची धूळ झटकली आणि अण्णांना बसायला सांगितलं.