फिजीचं लोटांगण

शनिवारी दुपारी जेवणं उरकून सगळं तुळजापूर आडवं झालं होतं, आणि गुरुप्रसाद टीव्हीसमोर मांडी घालून बसला होता, कारण फिजी हरत होतं.

फिजी हा पॅसिफिक महासागरातला एक देश. वस्ती आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या निम्मी. तिथले लोक रग्बी खेळतात. म्हणजे लांबट चेंडू काखेत धरून पळायचं, आणि ज्याच्या काखेत चेंडू त्याच्या अंगावर बाकीच्यांनी पडायचं. कॉलेजच्या ऑफिसात कारकून असलेल्या, लग्नाचं वय उलटत चाललेल्या माणसाचा या सगळ्याशी काय संबंध, असं त्याच्या आईनं, शामलाबाईंनी, विचारून विचारून शेवटी सोडून दिलं होतं. शनिवारी रग्बी आणि रविवारी मोटारींची शर्यत हा गुरुप्रसादचा नेम होता. इतरांची पोरं शनिवारी मारुतीला जातात, माझं फिजीला जातं, असं त्या भाजीवालीलासुद्धा सांगायच्या.

हा शनिवार मात्र साधा नव्हता. उद्या जिल्ह्यातल्याच वाशीचे पाहुणे घर बघायला येणार होते. मुलगी बघून झाली होती, दोन्हीकडून पसंती होती, आता मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघायचं आणि सुपारी फोडायची एवढंच उरलं होतं. आधीची स्थळं कुठं पत्रिकेवर, कुठं पगारावर अडली होती आणि गुरुप्रसादला त्याचं फारसं वाईट वाटलं नव्हतं. अक्षराचं तसं नव्हतं. बघण्याच्या कार्यक्रमात तिनंच त्याला विचारलं होतं, "तुम्हाला स्वयंपाकातलं काय येतं?" तो गडबडून "वरण" म्हणाला होता, आणि ती हसली होती. त्या हसण्यापासून त्याला रात्री झोप नीट लागत नव्हती. हे स्थळ मोडलं तर आपलं काही खरं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तर फिजी हरत होतं. मॅच संपत आली होती. गुरुप्रसादनं डोळे मिटले, देवळाच्या दिशेला हात जोडले आणि तो मोठ्यानं बोलून गेला, "आई तुळजाभवानी, एवढी मॅच काढून दे. उद्या कल्लोळ तीर्थात अंघोळ करून ओल्या अंगानं लोटांगण घालीन."

डोळे उघडले तर फिजीचा एक आडदांड गडी तिघांना पाठीवर घेऊन रेषेपलीकडं पडला होता आणि फिजी मॅच जिंकलं होतं. गुरुप्रसादनं उडी मारली. खाली येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो.

बाहेरगावच्या माणसाचं बरं असतं. नवस बोलावा, आणि सवडीनं, सुट्ट्या बघून, गाडी करून येऊन फेडावा. ज्याचं घर देवळापासून चार गल्ल्यांवर आहे त्यानं कुठली सबब सांगायची? त्यात 'उद्या' हे त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं. आई त्या वेळी मागं अंगणात कुरडया वाळत घालत होती, तिला यातलं काही कळलं नाही. गुरुप्रसादनंही सांगितलं नाही. त्यानं मनातल्या मनात सगळं बसवलं: सकाळी लोटांगण, मग घरी येऊन शर्यतीची सुरुवात, मग पाहुणे, आणि पाहुणे उंबऱ्यावर दिसले की टीव्ही बंद.

रविवारी सकाळी "पाहुण्यांना पेढे आणतो" असं सांगून तो निघाला. कल्लोळात बुडी मारली, ओल्या धोतरानं देवीला हात जोडले आणि फरशीवर आडवा झाला. लोटांगण सुरू झालं की पुरं होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत.

बसवलेल्या बेतात एकच गोष्ट राहून गेली होती. वाशीहून आलेला माणूस तुळजापुरात आधी सोयऱ्याच्या घरी जात नसतो. आधी देवी, मग सोयरे. हे जगाला ठाऊक आहे, आणि जो तुळजापुरात जन्मला, शाळेत गेला, नोकरीला लागला, त्याला ते सुचू नये याला काय म्हणावं? फिजीनं डोकं फिरवलं, दुसरं काय.

गुरुप्रसाद गडगडत गडगडत एका वळणावर आला आणि त्याचं डोकं एका नव्या कोऱ्या चपलेच्या खुणा पडलेल्या पायावर आपटलं. त्यानं वर बघितलं. पाय अंबादासरावांचे होते. अक्षराचे वडील, तहसीलातून निवृत्त झालेले अव्वल कारकून, हातात ओटीचं ताट. शेजारी अक्षरा. मुलीनं घर बघायला यायची आपल्यात पद्धत नाही, पण "राहायचं मला आहे" म्हणून ती आली होती. आणि तिच्या शेजारी उमाकाकू, म्हणजे गुरुप्रसादच्या गल्लीतल्या उमादेवी, ज्यांनी हे स्थळ आणलं होतं.

"गुरुप्रसाद?" अंबादासराव म्हणाले.

गुरुप्रसादला बोलता येईना. त्यानं पडल्या पडल्या हात जोडले. फरशीवरचं कुंकू डोळ्यांत गेल्यामुळं घळाघळा पाणी वाहत होतं.

"काय झालं हो? कशाचा नवस?"

त्यानं पुन्हा हात जोडले, पुन्हा डोळे पुसले, आणि दुसरा काहीच मार्ग नसल्यामुळं पुढं गडगडला.

अंबादासराव त्या गडगडणाऱ्या जावयाकडं बघत राहिले. लोटांगण कुणी हौसेनं घालत नाही. लोटांगणामागं मोठं दुखणं असतं, नाहीतर कोर्टाची केस.

"उमाताई, ह्यांना काय आजार आहे?"

उमाकाकूंना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. पण स्थळ त्यांनी आणलेलं, आणि आपण आणलेल्या स्थळाबद्दल आपल्याला माहिती नाही असं म्हणणं त्यांना मरणापेक्षा कठीण होतं.

"छे हो, आता एकदम ठणठणीत हाय."

"म्हणजे आधी नव्हता?"

"तसं न्हाय. जरा पोटाचं होतं."

"पोटाचं काय?"

"ते डॉक्टरलाच ठावं," असं म्हणून उमाकाकूंनी देवीकडं तोंड केलं आणि गाल थोपटून घेतले.

गुरुप्रसाद पेढ्यांचा पुडा घेऊन घरी पोचला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचलेली होती, आणि वाटेत तिनं बाळसंही धरलं होतं. समोरच्या कस्तुराबाई सोलापूरच्या एका पोटाच्या डॉक्टरचा नंबर घेऊन येऊन बसल्या होत्या. पाहुणे खुर्च्यांवर अंग चोरून बसले होते. पोह्यांना कुणी हात लावला नव्हता. आणि शामलाबाई दारातच पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"माझ्यापासून लपवलंस," त्या म्हणाल्या. "पोटचं लेकरू आजारी, आन् मला गल्लीनं सांगावं?"

गुरुप्रसाद हबकला. आपल्याला कसला आजार झाला आहे हे विचारावं तरी कुणाला, हे त्याला समजेना. तेवढ्यात उमाकाकूंनी त्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"हे बघ, मुतखडा सांग," त्या कुजबुजल्या. "मुतखड्यानं कुणाचं लगीन मोडलेलं म्या बघितलं न्हाय. व्हता, पडला, म्हणून देवीला लोटांगण. झालं, मिटलं."

गुरुप्रसादला हा उपाय इतका बिनतोड वाटला की तो हो म्हणून वळलासुद्धा. मुतखडा म्हटलं की अक्षरा मिळत होती. फिजी म्हटलं की ती गेलीच. पण केसांतून कल्लोळाचं पाणी अजून मानेवर ठिबकत होतं, आणि देवीच्या नवसावर खोटं बोलायला त्याची जीभ काही उचलेना. तो बाहेर आला, खाली मान घालून उभा राहिला.

"मला काही आजार न्हाय. फिजीची मॅच होती."

फिजी हा कुठला आजार, म्हणून कस्तुराबाईंनी उमाकाकूंकडं बघितलं.

"फिजी म्हणजे?" अंबादासरावांनी विचारलं.

"देश आहे. समुद्रात."

"तिथं तुमचं कोण असतं?"

"कुणी न्हाय."

"मग?"

"ते हरत होते."

अंबादासरावांनी नोकरीत माणसांच्या नाना सबबी ऐकल्या होत्या. मेलेली आजी पुन्हा मारणारे त्यांच्या हाताखालून गेले होते. पण समुद्रातल्या देशासाठी देवळात लोळलेला माणूस त्यांच्या टेबलापर्यंत कधी आला नव्हता.

"गुरुप्रसाद, आजारच सांगा हो," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "आजाराला निदान औषध असतं."

"पोटाचं न्हाय हे, डोक्याचं दिसतंय," कस्तुराबाई डॉक्टरच्या नंबराचा कागद कमरेला खोचत म्हणाल्या.

शामलाबाईंनी मात्र भिंतीला टेकून डोळे मिटले. लेकरू धडधाकट आहे याचा आनंद करावा की ते असं निपजलं याचं दुःख करावं, हे त्यांना ठरवता येईना. फिजीला त्यांनी आजवर नुसता वेळेचा नाश समजलं होतं. ते देवळापर्यंत गेलं होतं याचा त्यांना खरा धक्का बसला होता.

"खोटं वाटतंय ना? दाखवतो मॅच," असं म्हणून गुरुप्रसादनं टीव्ही लावला. तो लागला शर्यतीवर. थोड्याच फेऱ्या उरल्या होत्या आणि एका रांगेत गाड्या सूं सूं करत पळत होत्या.

"हीच का ती?"

"न्हाय, ही रविवारची. ते शनिवारचं."

"म्हणजे आणखी आहे," अंबादासराव हताशपणे म्हणाले आणि उठायला लागले. "अक्षरा, चल. उमाताई, पुन्हा कधीतरी बघू."

गुरुप्रसादला ते 'पुन्हा कधीतरी' बरोबर कळलं. आता मात्र त्याचं खरोखरच पोटाचं दुखणं सुरू झालं.

त्याच क्षणी पडद्यावर एक पिवळी गाडी वळणावर दुसरीला घासली, हवेत उडाली, उलटी आपटली आणि घसरत जाऊन वाळूत रुतली. चाकं वर. धूर निघायला लागला. शामलाबाईंनी उचलायला घेतलेली बशी हातातून निसटली. कस्तुराबाई "अगं बया" म्हणून टीव्हीपुढं येऊन बसल्या. अंबादासराव अर्धवट उठलेले तसेच वाकून राहिले.

"आत माणूस आहे?"

"हाय," गुरुप्रसाद म्हणाला.

"केवढा आहे?"

"विशीतला असंल."

"अरे, मग काढा त्याला. बघत काय उभे राहिलेत ते?"

धूर वाढला. माणसं पळत होती, पण लांब होती. अंबादासरावांना एकाएकी राहवेना. त्यांनी देवळाच्या दिशेला तोंड केलं, हात जोडले आणि ते म्हणाले, "आई भवानी, कुणाचं का असंना, लेकरू सुखरूप काढ. लोटांगण घालतो."

गाडीखालून आधी एक हात आला, मग हेल्मेट, मग अख्खा पोरगा. तो उभा राहिला आणि त्यानं हात हलवला. शामलाबाई रडायला लागल्या. कस्तुराबाईंनी त्याच्यावरून बोटं मोडली. अंबादासराव हाश्श करून खुर्चीत बसले, त्यांनी पोह्यांची बशी ओढली, पहिला घास घेतला, आणि तो तोंडातच राहिला.

"मी काय म्हणालो आत्ता?"

शेवटी शामलाबाईंनीच, तुळजापूरच्या माणसाचं कर्तव्य म्हणून, हळूच सांगितलं, "लोटांगण म्हणालात. देवीच्या गावातच हाव आपण. फेडूनच गेलेलं बरं."

"आज रविवार," अंबादासराव म्हणाले. "निम्मी वाशी देवळात आहे. मला सगळे ओळखतात. कशाचा नवस म्हणून विचारतील. काय सांगू? पिवळ्या गाडीचा?"

"मुतखडा सांगा की," उमाकाकू म्हणाल्या.

अंबादासरावांनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्या पोहे खायला लागल्या. शर्यत थांबली होती, क्रेननं गाडी उचलत होते, आणि अंबादासराव विचार करत होते. इतका विचार त्यांनी मुलीच्या पत्रिकेचाही केला नव्हता. बऱ्याच वेळानं त्यांचा चेहरा थोडा उजळला.

"लेकीचं लग्न जमलं, म्हणून घातलं. असं सांगितलं तर कुणी पुढं काही विचारणार नाही."

"पण ते खोटं होईल," गुरुप्रसाद बोलून गेला. उमाकाकूंनी कपाळाला हात लावला.

"जमलं तर नाही होणार," अंबादासराव त्याच्याकडं न बघता म्हणाले.

मग सगळ्यांनी अक्षराकडं बघितलं. ती इतका वेळ खिडकीपाशी बसून होती. तिनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"काकू आत मुतखड्याचं सांगत होत्या, ते इथं ऐकू येत होतं," ती म्हणाली. उमाकाकूंना ठसका लागला. "तेवढं म्हणाला असतात तर सुटला असतात तुम्ही. का नाही म्हणालात?"

"देवीचं होतं," गुरुप्रसाद म्हणाला.

"आणि माझ्याशी बोलायचं असलं तर?"

"तुमच्याशी पण खरंच बोलीन. फक्त ऐकून तुम्हाला धक्का बसंल, असं बऱ्याच वेळा होईल."

शर्यत परत सुरू झाली होती आणि संपतही आली होती. गुरुप्रसादच्या आवडीची हिरवी गाडी दुसरी होती, पहिलीच्या अगदी मागं. तो अक्षराकडं बघत होता, पण कान टीव्हीकडं लागून त्याची मान वाकडी झाली होती. अक्षरानं ते बघितलं.

"तिकडं बघा, शेवटची फेरी लिहिलंय," ती म्हणाली. "मी काय, आता रोज दिसणारच आहे."

शामलाबाई साखर आणायला आत गेल्या. अंबादासरावांनी एक जुना टॉवेल मागितला. गुरुप्रसाद सांगितल्याप्रमाणं टीव्हीकडं बघत राहिला, अगदी शेवटपर्यंत, पापणीसुद्धा न हलवता. ती शर्यत कोण जिंकलं हे त्याला अजूनही सांगता येत नाही.