कोरीटचा ससा आणि माझी अहिराणी

कचेरीच्या कामाला कोरीटला गेलो आणि येताना ससा घेऊन आलो. माझ्या हातून घडलं ते एवढंच. पुढचं सगळं इतरांनी घडवलं, असं माझं आजही म्हणणं आहे.

तिथल्या दोधू पाटलांनी सुरतेहून सशांची एक जोडी आणली होती. त्या जोडीने वर्षभरात इतकी प्रजा वाढवली, की दारात येईल त्या सरकारी माणसाला पाटील ससा देत सुटले होते. माझ्या वाट्याला आला तो पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, जाळीच्या पिंजऱ्यासकट. नंदुरबारला घरी पोचलो तेव्हा सरलाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हाऊ दूध देस?”

“नाही.”

“काही काम करस?”

“नाही गं, ससा आहे तो.”

“मंग बरं शे. तुम्हले जोडीदार व्हयना.”

(आमच्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती. ही सन बासष्टची गोष्ट.)

अडचण अशी झाली, की ससा पिंजऱ्याबाहेर येईना. मी पिंजरा पडवीत ठेवला, दार सताड उघडलं, पुढे मेथीची जुडी ठेवली. साहेब मागच्या कोपऱ्यात पाठ करून बसले. केळं ठेवलं, तर वासही घेतला नाही. “ये, बाहेर ये, भिऊ नकोस,” असं मी तास तासभर म्हणत असे. त्यावर तो कान हलवी, आणि तेसुद्धा माशी बसली तर.

चौथ्या दिवशी शेजारच्या छबूमावशींनी भिंतीवरून डोकावून निदान केलं.

“भाऊ, कोरीटना ससा शे तो. तुम्हनी पुस्तकनी भाषा त्याले काय समजस?”

मला हे एकदम पटलं. आम्ही मूळचे इकडचेच, पण वडिलांची नोकरी साताऱ्याकडे, त्यामुळे अहिराणी माझ्या कानाला कळते, जिभेला वळत नाही. सासुरवाडीला मी नुसती मान डोलावतो. (म्हणून तिथे मी भलताच समजूतदार गणला जातो.) मावशी आपल्या शेळीला जे लाडाचं बोलत, ते त्यांनी मला शिकवलं. मी ते कचेरीच्या एका रद्द मसुद्यामागे लिहून घेतलं आणि पाठ केलं. दुसऱ्या दिवशी मावशी भावाकडे विसरवाडीला निघून गेल्या. तिथेच माझा घात झाला.

कारण त्याच दिवशी सरलाची दाढ सुजली. उजवा गाल टम्म फुगला. तोंडात लवंग धरून, डोक्यावरून पदर गुंडाळून ती आतल्या खोलीत पडून राहिली. बोलणं बंद, सगळा हुकूम हातवाऱ्यांनी. आणि मी शुक्रवार, शनिवार दोन्ही दिवस कचेरीच्या आधी आणि नंतर पडवीत मांडी घालून, जरा मोकळ्या आवाजात, चालू होतो:

“निंघ ना वं, मन्ही सोना! किती रुसशी? बाहेर निंघ वं! तुन्हाबिगर माले जेवन गोड लागत नही वं!”

(शेवटचं वाक्य माझं स्वतःचं. मला त्याचा अभिमान होता.)

रस्त्याने जाणारे लोक थबकत, कुजबुजत, पुढे जात. माझी अहिराणी ऐकून त्यांना कौतुक वाटत असावं, अशी माझी समजूत.

रविवारी सकाळी शहाद्याच्या पहिल्या मोटारीने लोणखेड्याहून माझे सासरे, पितांबर आप्पा, उतरले. बरोबर भाऊबंदांतले चार जण. आप्पा सहा फूट उंच. तापीच्या या काठावरून त्यांनी बैलाला हाक मारली, तर त्या काठावरचे बैल थांबतात.

“जवाई, मन्ही पोरले कसाले कोंडं तुम्ही?”

“कोंडलं? मी?”

“सगळी गल्ली सांगस! दोन दिवस व्हयनात, तुम्ही दारमा बसीसन रडी ऱ्हायनात. मन्ही सोना, निंघ वं! एवढी रुसनी ती कसावर?”

बापाचा आवाज ऐकून सरला बाहेर आली. आप्पांनी तिच्या गालाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. (त्या हाताने मी फार तर टाक उचलतो.) सरला लवंग सांभाळत घाईघाईने म्हणाली, “म्मा... म्मा...”

“मारं?” आप्पा गरजले. “पोरी, पेटी भर. चाल लोनखेडाले!”

ही गेली तर? चहाची पूड कुठल्या डब्यात असते हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. आणि पूड सापडली असती, तरी तिच्यावाचून तो चहा मला गेला नसता. खरं सांगतो, मला रडूच आलं.

“आप्पा, तिची दाढ सुजलीय! आणि मी ते सगळं सशाला म्हणत होतो!”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“सशाले? मन्ही सोना?” आप्पा म्हणाले. “मंग बलावा त्याले. निंघना तं तुम्हनं खरं. नही तं पोर मन्हासंगे.”

मी पिंजऱ्यापुढे गुडघे टेकले. पाठ केलेलं सगळं म्हणून झालं. जेवणाचं वाक्य दोनदा म्हटलं. सशाने उरलीसुरली जागा शोधून आणखी मागे सरकून दाखवलं.

आप्पा वाकले. पिंजऱ्यात हात घालून सशाला त्यांनी जरासं उलटंपालटं केलं, आणि गदगदून हसू लागले.

“अरे जवाई, हाऊ तं गडी शे! ‘वं’ बाईले म्हनतस. गडीले ‘रे’!”

(मी इतके दिवस ‘वं’ म्हणजे ‘कृपया’ समजत होतो.)

“निंघ रे भो!” आप्पांनी हाक दिली.

ससा बंदुकीतून सुटल्यासारखा बाहेर आला आणि चौघांच्या पायांमधून थेट चुलीपाशी गेला. घरभर हशा उसळला. एकाने माझी पाठ थोपटली, दुसऱ्याने डोळे पुसले. हसली नाही ती एकटी सरला. ती मोरीपाशी गेली, लवंग थुंकली, आणि सुजल्या गालानेच बोलली.

“सात वरीस व्हयनात. माले एकदाव तरी म्हनं का, मन्ही सोना? सशाले म्हने!”

आतल्या खोलीचं दार धाडकन लागलं. मग कडीचा आवाज आला.

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली, चौघांना सतरंजीवर बसायची खूण केली आणि स्वतः बाजेवर ऐसपैस टेकले.

“चला जवाई,” ते म्हणाले, “आते ‘वं’ बरोबर शे. म्हना.”