पान सत्तावन्न

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते: माझा आराखडा निर्दोष होता! चौऱ्याऐंशी पानं, अकरा तक्ते, तीन परिशिष्टं. इतकं नेटकं काही आमच्या लॅबनं जन्मात पाहिलं नव्हतं.

आमची लॅब पाणी तपासते. विहिरीचं, टाकीचं, कारखान्याचं, दवाखान्याचं. माणसं बेचाळीस. मी रसायनशास्त्र शिकलेली. बोलणं कमी, आकडे नेमके. त्यामुळे पाठीमागे मला सगळे 'दशांशबाई' म्हणतात. मला ते माहीत नाही असं त्यांना वाटतं.

तर साहेबांनी ठरवलं, आता कागद बंद! सगळ्या लॅबला मिळून एकच सर्व्हर. अहवाल, सूचना, रजा, निरोप, सगळं त्यावर. ज्यानं त्यानं आपल्या टेबलावरून नाहीतर मोबाइलवरून तिथं जायचं आणि सगळ्यांनी मिळून काम करायचं. हे उभं करायची जबाबदारी माझी.

"मॅडम, तुमच्या हातून चूक होत नाही," साहेब म्हणाले.

मी विनयानं मान खाली घातली. कारण त्यांचं म्हणणं मला पटलं होतं.

आमच्या लॅबचा एक जुना दंडक आहे: दोन सह्या. मोजतो एक, पडताळतो दुसरा. दुसऱ्याची सही पडेपर्यंत आकडा खरा नाही, मग मोजणारा कितीही शहाणा असो. मी हा दंडक सर्व्हरच्या हाडात घातला. कोणतीही नोंद दुसऱ्यानं मंजूर केल्याशिवाय पक्की नाही. मंजुरी हीसुद्धा एक नोंदच. एका प्रकरणात एका माणसाची सही एकदाच. आणि नोंदी आल्या क्रमानंच पुढं सरकणार. मध्ये घुसायचं नाही, साहेब असले तरी! हे सगळं पान सत्तावन्नवर होतं. ते पान मला इतकं आवडलं, की मी घरी वाचून दाखवलं.

आमच्या ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. डोळ्याला भिंग लावून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चाचणी घेतलीस?"

"घेतली ना! दोन खाती उघडली. एकानं नोंद केली, दुसऱ्यानं मंजूर केली. काम फत्ते!"

"ही दोन माणसं कोण?"

"एक मी."

"आणि दुसरं?"

"दुसरीही मीच."

त्यांनी केसाएवढी एक स्प्रिंग चिमट्यात धरली. मग म्हणाले, "खुंटीला टांगलेली सगळीच घड्याळं बरोबर चालतात. मनगटावर चढली की कळतं."

"अहो, हे घड्याळ नाही, सर्व्हर आहे!"

"बरं," ते म्हणाले. वीस वर्षांच्या संसारात हा शब्द मी नीट ऐकायला शिकायला हवं होतं.

सर्व्हर सुरू होण्याच्या आदल्या शनिवारी मी दप्तरखान्यात गेले. तिथं एकतीस वर्षं दप्तरकाकूंचं राज्य आहे. समोर रजिस्टरांचे डोंगर, हातात विणकाम, आणि कुठला कागद कुठं आहे हे सुईवरची नजर न हलवता सांगायची विद्या.

"काकू, सोमवारपासून सगळं सर्व्हरवर. एकही कोरा फॉर्म मागे ठेवायचा नाही. सगळे लगद्याला!"

"एकही नाही?"

"एकही नाही."

"बरं बाई," काकू म्हणाल्या. हा दुसरा 'बरं'. मी तोही सोडला.

सोमवारी दहाला सर्व्हर सुरू झाला. टाळ्या पडल्या. नव्या घरात गेल्यावर माणूस आधी आरसा लावतो, तसं प्रत्येकानं आधी आपला फोटो लावला. साहेबांनीही लावला, वीस वर्षांपूर्वीचा, डोक्यावर काळंभोर रान असलेला!

माझा फोन किणकिणला. 'फोटो मंजूर करा.' केला. पुन्हा किणकिणला, आता दुसऱ्याच कुणाच्या फोटोसाठी. 'फोटोची मंजुरी मंजूर करा.' केली. 'फोटोच्या मंजुरीची मंजुरी...'

दुपारपर्यंत बेचाळीस फोन असे वाजत होते, की फोनवर बोलणाऱ्या गिऱ्हाइकानं विचारलं, "तुमच्याकडे बर्फाचा गोळेवाला आलाय का?"

आणि मग माझ्या लक्षात आलं. मंजुरी ही नोंद, तिला हवी तिसऱ्याची मंजुरी, तिला चौथ्याची! माझ्या चाचणीत साखळी दोघांतच संपली होती, कारण तिसरं माणूसच नव्हतं. आता ती बेचाळिसाव्या माणसापर्यंत जाणार होती. नुसत्या फोटोंसाठी बेचाळीस गुणिले एक्केचाळीस, एक हजार सातशे बावीस मंजुऱ्या! दोन बाटल्या बघून मी एखादी विहीर कधी शुद्ध ठरवली नसती. इथं तर दोन्ही बाटल्यांत मीच होते.

तेवढ्यात आमचे जंतुतज्ज्ञ आले. "मॅडम, साहेबांचा फोटो मी नामंजूर केलाय. सर्व्हर कारण मागत होता. लिहिलं, 'ओळख पटत नाही.'"

"मीच आहे तो!" साहेब मागून गरजले.

"असाल, साहेब. पण मी जे दिसतं तेच लिहितो."

"आत्ताच्या आत्ता मंजूर करा!"

"करता येत नाही, साहेब. एका प्रकरणात एकदाच सही. पान सत्तावन्न."

आणि नोंदी क्रमानंच सरकत असल्यामुळे साहेबांचा फोटो दारात आडव्या पडलेल्या म्हशीसारखा सगळी वाट अडवून बसला.

मी नियम बंद करायचं बटण दाबलं. सर्व्हर नम्रपणे म्हणाला, 'तुमचा बदल नोंदवला आहे. मंजुरीच्या रांगेत आहे.' साहेबांनी फोटो मागे घेतला. तोही बदल रांगेत गेला! मंगळवारी मी सर्व्हर बसवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरला फोन केला.

"मॅडम, मी इथून बंद केला असता. पण बाहेरच्या माणसाला नियमांना हात लावता येऊ नये, असं आराखड्यात आहे. आता सगळं पुसून पुन्हा बसवावं लागेल. शुक्रवार उजाडेल."

"असं कोणी लिहिलं?"

"तुम्ही, मॅडम."

इथवर हसण्यावारी चाललं होतं. बुधवारी सकाळी अकराला दवाखान्यातून सिस्टरांचा फोन आला.

तिथल्या डायलिसिस विभागाचे पाइप साफ केले होते. सोमवारी नमुना आमच्याकडे आला होता, जंतू वाढतात का ते पाहायला दोन दिवस लागतात, म्हणून अहवाल आज द्यायचा होता.

"मॅडम, दोन वाजता सात पेशंट मशीनवर घ्यायचेत," सिस्टर म्हणाल्या. "त्यांचा वार कालचा होता. पाइपांमुळे आजवर ढकलला. आता आणखी ढकलता यायचा नाही. एका आजोबांना धाप लागायला लागलीय. अहवाल हातात आल्याशिवाय डॉक्टर नळ उघडू देणार नाहीत."

"पाणी स्वच्छ आहे, सिस्टर. मी तोंडी सांगते."

"तोंडी कसं चालेल? दोन सह्यांशिवाय काही घेऊ नका, असं तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना!"

अहवाल रांगेत होता. त्याच्यापुढं सहाशे अठरा नोंदी, आणि सगळ्यात पुढं काळ्याभोर केसांचे साहेब, हसत! कोरे फॉर्म शनिवारीच लगद्याला गेलेले. साध्या कागदावर लिहावं, तर क्रमांक छापलेल्या फॉर्मशिवाय अहवाल ग्राह्य नाही. हेही दवाखान्याला मीच कळवलेलं! चौऱ्याऐंशी पानांत सात माणसांसाठी एक ओळ नव्हती.

मी दप्तरखान्यात गेले. का गेले ते सांगता येणार नाही, पाय गेले.

काकूंनी सुई थांबवली. "काय झालं गं? चेहरा का असा?"

मी सांगितलं. त्यांनी खणातली लोकर बाजूला केली आणि तिच्याखालून एक जाड वही काढली. क्रमांक छापलेली अहवालवही!

"काकू! मी म्हटलं होतं ना, एकही कोरा फॉर्म..."

"कोरा एकही ठेवला नाही. सगळे दिले. ही तर अर्धी भरलेली वही आहे. चालू वही टाकायला कुठं सांगितलंस?" मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुझं नवीन काम. म्हटलं, पहिल्या आठवड्यात पडलीस-बिडलीस तर धरायला काहीतरी असावं."

आभार मानायलाही वेळ नव्हता!

काकूंनी ठसठशीत अक्षरात अहवाल लिहिला. पहिली सही जंतुतज्ज्ञांची. दुसरी माझी, पण घाई असली म्हणून काय झालं, आधी जाऊन काचेच्या बशा स्वतः पाहिल्या. एकही ठिपका नाही. मग सही केली. साहेबांनी स्वतः धावत जाऊन फाटक उघडलं. नमुने आणणारे गाडीवाले दादा गाडी सुरू करूनच बसले होते.

"दादा, दोनच्या आत!"

"मॅडम, याला फक्त माझीच मंजुरी लागते ना? मग पोचलाच समजा!"

दोन वाजून दहा मिनिटांनी सिस्टरांचा फोन आला. "सातही जण लागले मशीनवर. आजोबा विचारतायत, पाणी तपासणाऱ्या बाई कोण? त्यांना म्हणावं, फार बरं केलंत."

मी फोन काकूंच्या कानाला लावला. "सिस्टर, पुन्हा सांगा. हे यांच्यासाठी आहे."

शुक्रवारी सर्व्हर पुसून पुन्हा बसवला. आता नुसत्या दोन सह्या, आणि त्याही फक्त अहवालांना. या वेळी चाचणीला बेचाळीसही माणसं बसवली, आणि पहिलं निरीक्षण नोंदवायला काकू. साहेबांनी आत्ताचा फोटो लावला. जंतुतज्ज्ञांनी खाली लिहिलं, 'ओळख पटली.'

मग मी सर्व्हरवर काकूंना आभाराचं पत्र पाठवलं. मोजून एकशे बारा शब्द. अर्ध्या तासात उत्तर आलं: 'कागदावर द्यावे. दुसरी सही हवी.'

मी ते स्वच्छ अक्षरात कागदावर उतरवलं, सही केली आणि दुसऱ्या सहीसाठी साहेबांच्या टेबलावर ठेवलं. संध्याकाळी कागद परत आला, तेव्हा त्यावर पांढरी जागा उरली नव्हती. मी सवयीनं माझ्या सहीखालच्या सह्या मोजल्या. चाळीस! मी आणि काकू सोडून अख्खी लॅब. या वेळी असा कुठलाही नियम नव्हता.

सगळे दप्तरखान्याच्या दारात जमले. काकूंनी चष्मा लावून पत्र सावकाश वाचलं. एकदा डोळे पुसले. पुन्हा वाचलं. मग कागद माझ्याकडे परत सरकवला.

"तारीख घालायची राहिली गं."

खरंच राहिली होती! दशांशबाईची! मी मुकाट्यानं तारीख घातली. पण आमच्याकडे दुरुस्ती म्हटली की तिच्याखाली पुन्हा सह्या लागतात. मी मागे वळून पाहिलं, तर खिशातून पेन काढत अख्खी लॅब निमूटपणे रांगेत उभी राहत होती.