मनकर्णाबाईंच्या घरातले सहा लाख

फडताळावरून स्टीलचं झाकण निसटलं, फरशीवर पडलं आणि गरगर फिरत राहिलं. भावनानं श्वास रोखला. पण एखादा पाहुणा निरोप घेत घेत दारातच अर्धा तास उभा राहावा, तसं ते झाकण त्या दुपारच्या सामसूम घरात थांबायचं नावच घेईना. थांबलं तेव्हा पाच वर्षांची आकांक्षा गादीवर उठून बसली होती.

भावनाच्या हातात फडताळाच्या माथ्यावरून काढलेली पेटी होती. घरात लेकीचा हात पोचत नाही अशी तेवढी एकच जागा. पेटीत हवेतले धुळीचे कण मोजायचं मशीन होतं. जेवणाच्या डब्याहून थोडं मोठं आणि भावनाच्या सगळ्या दागिन्यांहून महाग. उद्या सकाळच्या एसटीनं ते घेऊन तिला अकोल्याला जायचं होतं. तिथल्या एका कारखान्यात डोळ्यांत घालायचं औषध ज्या बंद खोलीत बनतं, त्या खोलीची हवा तपासायची होती. आजवर ती कंपनीतल्या सरांच्या मागंमागं जायची. उद्या पहिल्यांदाच एकटी, आणि काम नीट झालं तर नोकरी कायम. सरांनी एकच गोष्ट बजावली होती, "त्या खोलीबाहेर मशीनच्या तोंडावरचा फिल्टर काढायचा नाही. आत धूळ बसून फिल्टर लावल्यावरही शून्य येईना झालं, तर मशीन जाईल पुण्याला दुरुस्तीला अन् तुम्ही जाल घरी."

फिल्टर लावलेलाच होता. भावनानं मशीन सुरू केलं, शून्य पाहिलं, तिचा जीव निवला. तेवढ्यावर तिनं पेटी मिटायला हवी होती.

"मम्मी, हे काय करते?"

"हवेतली धूळ मोजते."

"कोनाची?"

"जिथं ठेवलं तिथली."

"मंग आपल्या घरची मोज ना."

भावना आठवडाभर लेकीला नाहीच म्हणत आली होती. अकोल्याला नेणार नाही, रात्री दुसरी गोष्ट सांगणार नाही, आता मांडीवर बसू नको. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून मम्मी कुठं जाते, काय करते, हे पोरीला कधी दाखवताच आलं नव्हतं. एकच मिनिट, तिनं मनाशी म्हटलं, आणि फिल्टर काढून लेकीच्या हातात दिला. मशीननं गुरगुरत हवा ओढली.

"किती आली?"

"सहा लाख."

आकांक्षा मागच्या दाराकडं धावली. तिथं भावनाच्या सासूबाई, मनकर्णाबाई, तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या घरात मुंगीसुद्धा पाय पुसून येते, असं गल्लीत म्हणायचे, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

"आजी, आपल्या घरात सहा लाख कचरा हाय. मम्मीनं मोजला."

भिंतीपलीकडून शेजारच्या माणिकबाईंचा आवाज आला, "कितीक म्हणते व पोट्टी?"

"काई नाई. झोपेत बोलून राहिली," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि सूप तसंच टाकून आत आल्या. "कोनं मोजला म्हणते कचरा?"

"कचरा नाई, आई. डोळ्याले दिसत नाई अशी बारीक धूळ. सगळ्यांच्याच घरी असते."

"माणिकबाईच्या घरची मोजली?"

"नाई."

"मंग मायीच कावून मोजली?"

भावना मशीन बंद करायला वाकली, तर सासूनं मनगट धरलं.

"बंद नोको करू. आता झाडते, मंग मोज."

"सकाळी दोनदा झाडलं ना तुमी."

"तिसऱ्यांदा झाडल्यानं घर झिजत नाई."

"अक्कू, फिल्टर आण लवकर," भावना म्हणाली. पण अक्कू आणि फिल्टर दोघंही पलंगाखाली गेले होते. इकडं खराटा असल्यासारखा झाडू चालला. कोपरे निघाले, कपाटामागचं निघालं, चादरी दारात झटकल्या गेल्या.

"आता?"

"नऊ लाख."

मनकर्णाबाईंनी मशीनकडं असं पाहिलं, की त्याच्या जागी माणूस असता तर तो उठून गेला असता. "झाडल्यावर वाढते? उलटं मोजून राहिलं तुयं मशीन."

"झाडल्यानं उडते, आई. थोडं शांत—"

"उडते ना? मंग हवाच शुद्ध करते." आणि त्यांनी बाबासाहेबांच्या फोटोपुढं एक नाही, तीन उदबत्त्या लावल्या. धुराची एक रेघ सावकाश वळली, मशीनपाशी आली आणि तोंडातून आत गेली. लाल दिवा लागला. मशीन टीं टीं करू लागलं.

"काय म्हणते थे?"

"आता जमत नाई म्हणते," भावना म्हणाली आणि तिनं बटण बंद केलं. तिचा आवाज असा निघाला, की मनकर्णाबाईंच्या हातातली काडेपेटी तिथंच थांबली.

फिल्टर सापडला. पलंगाखाली तो बाहुलीची उशी झाला होता. भावनानं तो पुसून घट्ट बसवला, पुन्हा मशीन लावलं. फिल्टर असला की खोलीत धूळ असो की धूर, आत साफच हवा जाते. शून्य दिसायला हवं होतं. दिसले दोनशे बारा.

तेव्हा कुठं तिनं सासूला सगळं सांगितलं. सर, अकोला, शून्य, कायम होणं.

मनकर्णाबाईंनी काडेपेटी खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे माया उदबत्तीनं तुयी नोकरी जाते?"

"फिल्टर तर मीच काढला ना, आई."

"सांगाचं तं असते व."

"सांगत होती. तुमी झाडून राहिल्या होत्या."

त्यांनी उदबत्त्या विझवल्या, पदर खोचला. "आता काय करू थे सांग. पुसून घेऊ?"

"काई नोका करू."

"काई म्हंजे?"

"काईच नाई. बसा फक्त. साफ हवा ओढत राहिलं, की धुऊन निंगते ते."

काहीच न करता कसं बसतात, हे त्यांना नीटसं माहीत नव्हतं. त्या भिंतीशी टेकल्या, हात आधी मांडीवर ठेवले, मग गुडघ्यावर, मग लुगड्याच्या काठाचा एक दोरा ओढू लागल्या. नेमका तेव्हाच एकशे चाळीसपर्यंत उतरलेला आकडा एकशे पन्नासवर गेला. त्यांनी दोरा सोडला. आकडा उतरला.

"पाह्य, माया बसण्यानंच उतरून राहिला," त्या ओठ न हलवता म्हणाल्या.

त्यांच्या बसण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. भावना सांगणार होती, पण तिची नजर सासूच्या पायांवर गेली. लग्न होऊन आल्यापासून तिनं ते पाय फक्त चालताना पाहिले होते. आता ते लांब पसरले होते आणि टाचांच्या भेगा दिसत होत्या.

दारात भावनाचा नवरा प्रीतम आला. नांदगाव पेठेच्या सूतगिरणीतली पहिली पाळी संपवून, केसांत आणि मिशांत कापूस घेऊन.

"तिथंच थांब," आई म्हणाली. "आत येऊ नोको. आमी बसलो हाओ."

"बसल्या? तू?" त्यानं बायकोकडं पाहिलं. "तब्येत बरी हाय ना इची?"

"गप. बोलण्यानंबी वाढते."

"चहा तरी—"

"अंगणात जाऊन अंग झटक. चहा तूच ठेव, पण मंग."

प्रीतम उलट्या पावली गेला. आकडा साठवर आला, मग अकरा, मग तीन. आकांक्षा मम्मीच्या मांडीवर बसून तो वाचत होती. बालवाडीत आकड्यांचं तिचं बरं चाललं होतं. मनकर्णाबाईंचं डोकं भिंतीवर रेललं होतं. डोळे मिटले होते, तोंड थोडंसं उघडं. दूर कुठं रिक्षा गेली, तरी त्या दचकल्या नाहीत.

शून्य आलं. भावनानं खात्री करायला आणखी पाच मिनिटं जाऊ दिली. शून्य हललं नाही. उद्याची एसटी आता तिची होती. तिनं लेकीच्या केसांत तोंड लपवून हळूच श्वास सोडला.

मनकर्णाबाईंनी डोळे न उघडता विचारलं, "झालं का व?"

भावनानं आकड्याकडं पाहिलं, मग त्या पायांकडं.

"अजून नाई, आई. बसा."

"बरं," त्या म्हणाल्या आणि हात मांडीत सैल सोडले.

आकांक्षानं मशीनवर बोट ठेवलं. मान वर करून, आजीला ऐकू जाऊ नये इतक्या बारीक आवाजात तिनं विचारलं, "मम्मी, शून्य तं केव्हाचंच आलं. मंग तू आजीले 'बसा' कावून म्हणून राहिली?"