गुलाबनानाची आगीची शाळा

चोपड्याला आमच्या गल्लीत कुणी कचरा पेटवला की गुलाबनाना कडुनिंबाची हिरवी फांदी घेऊन धावत येतो आणि आग बडवून काढतो. एकदा मी अंगणात कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजत होते. तीही त्याने बडवली. भरीत तिथेच झालं.

नाना जन्मभर सातपुड्यात वनरक्षक होता. निवृत्त झाला, बायको गेली, तेव्हा त्याने घरामागच्या मोकळ्या जागेत वनखात्याच्या भरतीला बसणाऱ्या पोरापोरींसाठी फुकट शाळा काढली. धावणं, झाडं ओळखणं, वणवा विझवणं. कुठलंही काम करायच्या आधी तो चिमूटभर माती उडवतो. 'पहिले वारा देख,' हे त्याचं पालुपद. माझ्या भाच्याच्या लग्नात पंगतीला बसतानाही त्याने माती उडवली. ती व्याह्यांच्या बासुंदीत गेली. "वारा पश्चिमेचा शे," एवढंच म्हणाला.

पुढे पोरं कमी झाली. काही सुरतेला कामाला गेली, काहींना जंगलात नोकरी लागली. शेवटी एकच उरली, माझी नात कविता. यंदा भरतीत नाव लागलं नाही तर लग्न, असं तिच्या बापाने सांगून टाकलेलं. म्हणजे पोरगी पास झाली तरी नानाची शाळा रिकामी, नापास झाली तरी रिकामी.

मी त्याला तोंडावर विचारलं, "तुले काय भेटी रे यामा?"

"अक्का, तुम्ही भाकरी थापा."

रोज सकाळी ती यावलच्या रस्त्याने धावायची. मागून हा सायकलवर, एका हातात फांदी. "वणवा मांगे शे, पय!" येणारेजाणारे मला विचारायचे, हा म्हातारा तुमच्या नातीला का मारतोय?

कविता पास झाली. नानाला पेढे द्यायला गेलो तर शाबासकी राहिली बाजूला. "आग इझनी तरी लगेच घर येवू नको. राख देख. आणि एकली पुढे जाऊ नको." पेढा हातात तसाच. पोरगी पाया पडली तेव्हा तो भिंतीकडे बघत होता.

ती धुळ्याकडे रुजू व्हायला गेली, त्या संध्याकाळी नाना आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"अक्का, तुमनाकडे आखो एखादी नात शे का?"

मला एकच नात. ते त्यालाही माहीत होतं.

"मना भाऊले नाती शेतस, त्याले इचारसू," मी म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले.