'सगळ्यांना हो'

"फाटक उघड म्हणतेय मी! विमान उतरून तास झाला!"

डब्लिनमधल्या आपल्याच कंपनीच्या आवारात, आपल्याच फाटकाच्या आत, फिडेल्मा गेराटी गाडीच्या हॉर्नवर हात दाबून बसल्या होत्या. पार्किंगची आडव्या दांड्याची फाटकं आणि ती चालवणारा प्रोग्राम, हा त्यांचा धंदा. पोलंडचे झावाड्स्की सौद्यासाठी येत होते. हे गिऱ्हाईक हातचं गेलं तर कंपनीला टाळं लागणार होतं.

कंपनीचा प्रोग्रामर लॉर्कन गाडीच्या खिडकीतून डोकावला. "उघडत नाहीये, फिडेल्मा."

"ते मला दिसतंय, गाढवा! का उघडत नाहीये?"

कारण डोकं फिरवणारंच होतं. प्रोग्राम पोलिश भाषेत न्यायचा तर कोडमधला, लोकांना दिसणारा मजकूर आधी वेगळा काढावा लागतो. त्यासाठी लॉर्कनच्या संगणकावर एक साधन होतं. ते एकेक शब्द दाखवून विचारायचं, 'याचं भाषांतर करायचं?' थोड्याच वेळात कंटाळून या आळशाने 'सगळ्यांना हो' दाबलं. परभाषेत मजकूर लांबतो, म्हणून साधनाने चाचणीसाठी प्रत्येक शब्दाला निरर्थक अक्षरांचं शेपूट जोडलं. फाटकाला आतून मिळणाऱ्या 'उघड' या हुकमालाही जोडलं. फाटकाला तो कळेना. आणि नवा प्रोग्राम आधी आपल्याच फाटकावर चालवायचा, हा नियम खुद्द बाईंचा!

"जुना परत चढवतो. तासभर लागेल. तोवर चहा टाकू?"

"चहा? संध्याकाळच्या आत चालता हो इथून! कायमचा!"

बाई उतरल्या, दांड्याला लोंबकळल्या, मग त्यांनी सणसणीत लाथ घातली. दांडा ढिम्म. बुटाची टाच तेवढी तुटली.

"तो हाताने उचलत नाही," लॉर्कन चाचरत म्हणाला. "तुम्हीच तसा बनवून घेतलाय."

"तोंड बंद ठेव!"

बाहेर एक टॅक्सी केव्हाची उभी होती. विमानतळावर वाट पाहून वैतागलेले झावाड्स्की स्वतःच आले होते. ते उतरून दांड्यापाशी आले.

"हा मालकिणीलाही सोडत नाही?"

बाईंनी तुटकी टाच घाईने पाठीमागे लपवली.

"आमच्याकडे लोक दांड्याला लाथ घालतात आणि पार्किंगचे पैसे न देता निघून जातात. हा घेतला मी! प्रोग्राम कोणी केला?"

बाईंनी दातओठ खात बोट दाखवलं.

"मग करारात लिहा, हा माणूस कामावर आहे तोवरच सौदा."

गाडीतला करार दांड्यावरच ठेवून सह्या सुरू झाल्या. बाईंनी पेन इतकं रेटलं, की कागद टराटरा फाटला. दुसरी प्रत आणायला लॉर्कन शीळ घालत आत गेला.